दिवसाला एक चादर

लाटंबार्से,
११ मार्च २०२५

मामा,

काल संध्याकाळी आईने मला एक प्रश्न विचारला. मी तिच्याखालची ओली चादर काढत होते. ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "गो बाय, दिसाक किती चादरी जाल्यार तुका जड जावचें ना?" दिवसाला किती चादरी भिजल्या तर मला जड होणार नाही, तो आकडा तिला हवा होता. मी हसून "शंभर" म्हटलं. ते उत्तर नव्हे हे तिलाही कळलं. तिने डोळे मिटून घेतले.

वॉशिंग मशीन बंद पडलं त्याला आज सहावा दिवस. पाणी भरतं, कपडे थोडे घुसळतं, आणि पाणी सोडायची वेळ आली की वरचे तिन्ही दिवे एकदम लुकलुकतात आणि ते गप्प होतं. मग आतलं पाणी मी तांब्याने उपसून काढते. आईला अर्धांगाचा झटका आल्यापासून, म्हणजे गेलं वर्षभर, दिवसाला पाच-सहा चादरी निघतात. त्या आता मी शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर विहिरीवर धुते. बाबा काजूचे दिवस म्हणून सकाळपासून डोंगरावर असतात. दुपारी शेजारची विनोदिनी आईपाशी बसते.

साखळीहून दुरुस्तीवाला आला होता. त्याने झाकणसुद्धा उघडलं नाही. वरून दोन बटणं दाबली आणि म्हणाला, "कंट्रोल बोर्ड गेला. हे मॉडेल आता येत नाही. नवीन घ्या." बाबा लगेच तयार. "हाडूंया नवें," म्हणाले. मीच नको म्हटलं. मामा, तळहाताएवढ्या एका पट्टीसाठी चांगली मोटर, चांगला ड्रम, अख्खा सांगाडा भंगारात घालायचा? मी आठवीच्या मुलांना ई-कचऱ्याचा धडा शिकवते. वस्तू बिघडली तर आधी दुरुस्त करा, असं फळ्यावर लिहिते. आपल्या घरातली मी पहिली पदवीधर. एवढंही जमलं नाही तर शिकले कशाला?

तुम्ही कुवेतच्या हॉटेलात पंधरा वर्षं मशिनं सांभाळलीत, नंतर केरीच्या सगळ्या गेस्टहाऊसांची. फोनवर तुमचा नुसता श्वास ऐकू येतो आणि मोबाईलवरची बारीक अक्षरं तुम्हाला दिसत नाहीत, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे. बोर्ड खरंच गेला आहे का, हे घरच्या घरी कसं तपासायचं? आणि गेला असेल तर तसाच दुसरा मिळेल का? मशीनच्या पाठीवरचा मॉडेल नंबर सोबतच्या चिठ्ठीत आहे.

तुमची
सिद्धी

*

केरी, पेडणे,
१५ मार्च

सिद्धी बाय,

तुझं पत्र तीनदा वाचलं. घशाच्या ऑपरेशनला दीड वर्ष झालं. लोक भेटतात, माझ्या गळ्यातल्या भोकाकडे बघतात आणि मोठमोठ्याने बोलतात. आवाज माझा गेलाय, कान नाही गेले, हे कुणाला सांगणार? एवढ्या दिवसांत मला काही विचारणारी तू पहिलीच.

तर ऐक. बोर्डावर आळ सगळ्यात आधी येतो, कारण दुरुस्तीवाल्याला ते सोपं असतं. मी त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जातो.

प्लग काढ. हसू नको. बी.एस्सी. झालेले प्लग काढायला विसरतात, मी बघितलेत. प्लग काढून दहा मिनिटं थांब, बोर्डात वीज साठून राहते. मग वरचं पॅनल उघड आणि कुठली वायर कुठे जाते ते कागदावर काढ, रंगासकट. मोबाईलवर फोटो काढायचा तर काढ, पण कागदावर काढच. हात काढतो तेव्हाच डोळा बघतो.

आता वीज तपासायचा मीटर घे, वायर अखंड असली की तो वाजतो. झाकणाखाली एक स्विच असतो, तो आधी. झाकण मिटलं की मीटर वाजला पाहिजे. दुसऱ्या दिवशी पाणी सोडणारी ड्रेन मोटर. तिसऱ्या दिवशी तिथून बोर्डापर्यंतच्या वायरी. तिथे उंदराने दात लावले असतील तर बोर्ड बिचारा निर्दोष. दिवसाला एकच तपासणी. घाईत माणसं चांगले बोर्ड जाळतात.

आणि एक नियम. विजेच्या वस्तूत एकच हात घालायचा, दुसरा पाठीमागे धरायचा. करंट बसला तर तो एका हातातून दुसऱ्या हातात, काळजातून जाऊ नये. प्लग काढलेला असला तरी हात मागेच. सवय म्हणजे सवय.

मॉडेल जुनं आहे. कोल्हापूरला विनायक म्हणून माझा ओळखीचा एक आहे, त्याला लिहितो. वेळ लागेल. तू प्रत्येक तपासणीचं मला कळव, मी पुढचं सांगेन.

मी स्वतःच आलो असतो, पण तीन बसगाड्या आणि रस्त्याची धूळ आता गळ्याला सोसत नाही. विमलला सांग, तुझा भाऊ गप्प झाला. लहानपणापासून तिची तीच मागणी होती.

जयवंतमामा

*

लाटंबार्से,
२१ मार्च

मामा,

तुमचं शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं. ती तोंडाच्या डाव्या बाजूने हसली. "आतां मेल्यान ऐकलें," म्हणाली.

प्लग काढला. दहा मिनिटं घड्याळ लावून थांबले. वायरींचं चित्र काढायला पाऊण तास लागला. दोन निळ्या आहेत, एक फिकट, एक गडद, त्या मी आधी सारख्याच रंगवल्या होत्या. तुम्ही म्हणालात ते खरं, काढायला बसले नसते तर तो फरक दिसलाच नसता. चित्र सोबत आहे. चूक असेल तर लाल पेनाने खूण करून परत पाठवा, मी मुलांना पाठवते तसं.

झाकणाचा स्विच वाजला. ड्रेन मोटरवर मीटरने आकडा दाखवला, म्हणजे तिच्या आतली तार तुटलेली नाही. वायरी तपासताना मी डावा हात पाठीमागे धरला होता. बाबा दारात येऊन बघत राहिले. म्हणाले, "शाळेंत हात पाटीं धरून भुरग्यांक उबीं करता, तशी कित्याक गो उबी तूं?" शिक्षा केलेल्या मुलांसारखी मी का उभी, याचं कारण सांगितलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि पाय धुवायला गेले. नवीन मशीनचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

सगळ्या वायरी वाजल्या. उंदीर निर्दोष. आता उरला तुमचा बोर्डच.

एक चांगली बातमी. या आठवड्यात चादरी कमी झाल्या. सहावरून चारवर आल्या, परवा तर तीनच. डॉक्टरांनी पंधरा दिवसांपूर्वी गोळ्या बदलल्या होत्या, त्यांचा गुण आला असावा. मी वहीत तारखेवार लिहून ठेवते आहे, पुढच्या तपासणीला त्यांना दाखवीन. आई रोज संध्याकाळी विचारते, "मशीन बरें जाता मगो?" मी म्हणते, दुरुस्त होणार, मामा आहेत ना.

परीक्षेचे पेपर घरी आणले आहेत. चादरी कमी झाल्याने ते तपासायला वेळ मिळतो.

सिद्धी

*

केरी,
२६ मार्च

सिद्धी बाय,

चित्र परत पाठवतो आहे. लाल खूण एकच, तीही उगाच, मास्तराचा मान राहावा म्हणून.

इतकी नीट तपासणी मी शिकवलेल्या एकाही माणसाने केली नाही. कुवेतला माझ्या हाताखाली चौघे होते, त्यांतला एक मीटर उलटा धरायचा. तुझं पत्र आलं की मी चष्मा पुसतो, चहा करतो, मग उघडतो. शेजारची ऋतिका म्हणते, "अंकल, मी फोनवर तुमचं टाइप करून देते, एका मिनिटात पोचेल." मी तिला हातानेच नको म्हटलं. एका मिनिटात पोचलं तर पुढे चार दिवस मी करू काय?

आता बोर्ड. प्लग, दहा मिनिटं, हात मागे. बोर्ड त्याच्या डब्यातून सोडव. वायरींच्या टोकांना प्लास्टिकचे कनेक्टर असतात, त्यांना बाजूला एक जीभ असते. ती दाबून काढायचं. वायरीला धरून ओढलंस तर माझी शिष्या नव्हे. मग उजेडात बघ. काळा डाग, फुगलेला भाग, हिरवट गंज, मुंग्या. आपल्याकडे अर्धे बोर्ड मुंग्या आणि पालीच खातात. उबेला येऊन बसतात.

शेवटची एक तपासणी प्लग लावून करायची आहे. ती तुझे बाबा, शिवदास भावजी, घरी असतानाच कर. ते मेन स्विचपाशी उभे राहतील. पायात रबरी चपला, जमीन कोरडी. पाणी सोडायची वेळ आली की ड्रेन मोटरच्या कनेक्टरवर मीटर धर. तिथे वीज पोचली नाही, तर दोष बोर्डाचा. मग माझी हरकत नाही, दे त्याला शिक्षा.

विनायकाचं उत्तर अजून नाही. चादरी कमी झाल्या हे वाचून बरं वाटलं. म्हणजे तशी घाईही नाही. सावकाश कर.

मामा

*

लाटंबार्से,
२ एप्रिल

मामा,

गुन्हेगार सापडला. पाल. बोटाच्या पेराएवढी, वाळून कागदासारखी झालेली, कनेक्टरच्या दोन पिनांवर आडवी. तिच्याखाली बोर्ड जळून काळा झाला आहे. मी तिला चिमट्याने काढून कागदावर ठेवलं आणि आईला दाखवायला नेलं. "बिचारी, उबेक आयिल्ली आसतली," म्हणाली.

रविवारी पाडवा होता, बाबा घरी होते. तुम्ही सांगितलेली शेवटची तपासणी तेव्हाच केली. बाबा मेन स्विचपाशी असे उभे होते की जणू कुणी त्यांना देवळाच्या दारावर राखणीला ठेवलंय. मीटरवरचा आकडा शून्यच राहिला. ड्रेन मोटरपर्यंत वीज पोचत नाही. आता खात्रीने सांगते, बोर्ड गेला आहे. दुरुस्तीवाल्याने न उघडता सांगितलं तेच निघालं, पण मला ते आता माहीत आहे, आणि ऐकलेलं आणि माहीत असलेलं यांत फरक असतो. हे मी वर्गातही सांगितलं. मुलांनी पालीबद्दलच जास्त विचारलं.

पाडव्याला आईच्या खाली नवी चादर घातली होती, पिवळ्या फुलांची. ती दिवसभर कोरडी राहिली. मामा, वर्षभरात पहिल्यांदा. आता दिवसाला दोन चादरी, काल तर एकच. वहीतली उतरती ओळ बघून मला अभिमान वाटतो, तो माझा नसला तरी. आई झोपतेही पुष्कळ. ऊन फार आहे, ओठ फुटतात तिचे, मी तूप लावते. बोलायचा कंटाळा करते. पण त्रास म्हणून काही देत नाही.

बाबांशी मात्र काल भांडण झालं. म्हणाले, महिना होत आला, किती दिवस त्या पेटीचं पोट फाडून बसणार? मी म्हटलं, आता फक्त एका बोर्डाचा प्रश्न आहे, एवढं करून आता फेकायचं? ते म्हणाले, "तुजें तत्त्व तुजेकडे. म्हाका तुजे हात दिसतात." साबणाने माझ्या बोटांची सालं निघाली आहेत, तेवढंच. आई ऐकत होती. तिने भिंतीकडे तोंड केलं.

विनायकांना पुन्हा एकदा लिहाल का?

सिद्धी

*

केरी,
५ एप्रिल, सकाळी

सिद्धी,

बोर्ड पाठवतो आहे. पोस्टाने नाही, म्हापशाच्या बसवाल्याच्या हातात देतो, तो पुढे साखळीच्या गाडीत देईल. आजच संध्याकाळी साखळीच्या स्टँडवर घे. ऋतिकाला तुला फोन करायला सांगितलं आहे.

चित्राप्रमाणे कनेक्टर लाव, प्रत्येकाचा टक असा आवाज आला पाहिजे. एकदा रिकामं चालवून बघ.

आणि या उन्हात दिवसाला एक चादर मला कमी वाटते. काल आलेलं तुझं पत्र मी दिवसभर खिशात घेऊन फिरलो. कशाचा गुण आहे तो विमललाच विचार. आज विचार.

मामा

*

म्हापसा, इस्पितळात,
८ एप्रिल

मामा,

ऋतिकाच्या फोनवर ठेवलेला निरोप तुम्हाला मिळाला असेल. मी बाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. आत एकालाच सोडतात आणि आता बाबा आत आहेत.

शनिवारी संध्याकाळी बोर्ड घेऊन घरी आले तेव्हा आई झोपली होती. तुमची चिठ्ठी मी वाचली. विचारायचं ते उद्या विचारू, आधी बोर्ड बसवू, असं मी ठरवलं. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

रविवारी सकाळी बसवला. सगळे टक आवाज आले. रिकामं चालवलं. पाणी भरलं, घुसळलं, आणि मग खालच्या नळीतून धो धो पाणी न्हाणीघरात आलं. मी ओरडलेच. बाबाही हसले. आतल्या खोलीतून आईने हाक मारली. मला वाटलं, बघायला बोलावते आहे.

तिने पाणी मागितलं.

पेला संपवला आणि आणखी मागितलं. मग तिसरा. तांब्याच तोंडाला लावायला बघत होती, डाव्या हाताने. मी म्हटलं, "आई, सावकाश गो." ती म्हणाली, "आतां चलता तें मशीन. आतां जाय तितलें पियेवंक जाता."

आता हवं तितकं पिता येतं, म्हणजे काय ते मला लगेच कळलं नाही. बाबा तोवर डोंगरावर निघून गेले होते. मी विनोदिनीला हाक मारली. ती दारातच रडायला लागली. गेले तीन आठवडे दुपारचं पाणी आई तिला ओतून टाकायला लावत होती. "उदक नाका गो. पोर शाळेंतसून दमून येता आनी चादर धुता." शपथ घातली होती. सकाळी मी उशाशी ठेवलेला तांब्या संध्याकाळी रिकामा दिसायचा, मी समजायचे ती प्यायली.

सोमवारी पहाटे अंग भाजत होतं. डॉक्टर म्हणतात, लघवीच्या वाटेचा संसर्ग रक्तात गेला आहे, मूत्रपिंडं थकली आहेत, शरीरात पाणीच नव्हतं. वर्षभर अंथरुणावर असलेल्या माणसाचं असं कधीही होऊ शकतं, असंही म्हणाले. मी विचारलं, पाणी प्यायली असती तर? ते म्हणाले, सांगता येत नाही.

गोळ्यांचा गुण म्हणून मी तारखेवार लिहिलेली ती वही पिशवीत आहे. डॉक्टरांना दाखवायला आणली होती. दाखवली नाही.

तुम्हाला जमलं तर या.

सिद्धी

*

केरी,
२५ एप्रिल

सिद्धी बाय,

बाराव्याला मी तुमच्याकडे दिवसभर होतो आणि एक शब्द बोललो नाही. लोकांना वाटलं, जयवंतला बोलता येत नाही. मलाही ती सोय झाली. खिशात पाटी होती, पेन्सिल होती. लिहिता आलं असतं.

आता लिहितो. हे पत्र तू शिवदास भावजींना वाचून दाखव. त्यांना माझं अक्षर लागत नाही, म्हणून तुझ्या तोंडून. माझी ही विनंती आहे.

कोल्हापूरला विनायक म्हणून कुणी नाही. होता, तो सहा वर्षांपूर्वीच धंदा सोडून गेला. मी कुणाला पत्र लिहिलं नाही. तो बोर्ड माझ्या घरात होता. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी माळ्यावरची पेटी काढली, तुझ्या चिठ्ठीवरचा नंबर ताडून बघितला. समुद्राकडच्या एका गेस्टहाऊसचं मशीन गंजलं तेव्हा मी तो काढून ठेवला होता. चांगला चालणारा. त्याच दिवशी बसमध्ये ठेवला असता तर तुझ्या घरी मशीन मार्चमध्येच सुरू झालं असतं.

आधी मी स्वतःला सांगितलं की पोरीने नीट शिकावं, तपासल्याशिवाय बोर्ड बदलू नये. ते खरं नव्हे. मला पत्रं हवी होती. बोर्ड दिला की तुझे प्रश्न संपणार होते. तुझ्या प्रत्येक पत्रावर मी चार दिवस जगत होतो. म्हणून एक तपासणी मी तीन दिवसांवर ताणली, एका पत्रात सांगायचं दोन पत्रांत सांगितलं.

चादरी कमी झाल्याचं तू लिहिलंस तेव्हा मला आनंद झाला. बहीण बरी होते म्हणून झाला, आणि घाई उरली नाही म्हणूनही झाला. दिवसाला एकच चादर असं वाचलं तेव्हा कुठे मी हिशेब लावला. माझ्या ऑपरेशननंतर मीही पाणी टाळायचो, ठसका लागायचा म्हणून. मला कळायला हवं होतं.

आणि तीन बसगाड्या सोसत नाहीत असं मी लिहिलं होतं. तिला पोचवायला मी त्याच तीन बसगाड्यांनी आलो.

विमल माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मी तिचा भाऊ म्हणून तुमच्या ओट्यावर बसतो, भावजी मला आधी वाढतात. ते त्यांनी मला ओळखून करावं किंवा करू नये. तेवढं मला हवं आहे.

जयवंत

*

लाटंबार्से,
१२ मे

मामा,

तुमचं पत्र २८ तारखेला मिळालं. उत्तराला दोन आठवडे लागले. रागावले नव्हते असं लिहिणार नाही. पहिले आठ दिवस तुमचं नाव घरात निघालं की मी उठून जात होते. तुमची जुनी पत्रं काढून मी तारखा लावल्या. पंधरा मार्चला बोर्ड मिळाला असता तर सोळाला मशीन चाललं असतं. तेव्हा चादरी पाच-सहा होत्या. आई तेव्हा पाणी पीत होती.

मग मी माझ्याही तारखा लावल्या. सहा मार्चला बाबा नवीन मशीन आणायला तयार होते. मी एकदा हो म्हटलं असतं तर सातला ते घरात आलं असतं. तुमच्या आधी एक आठवडा. तुम्ही केरीला होता. मी घरात होते. तुम्हाला पत्रं हवी होती, आणि मला बरोबर ठरायचं होतं. दोघांनी एकाच बाईला तहानलेलं ठेवलं. यात कमी-जास्त मला ठरवता येत नाही आणि ते आता मी सोडून दिलं आहे.

बाबांना मी माझं सगळं सांगितलं. आईने पाणी का सोडलं, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. विनोदिनी घाबरली होती. मी ओट्यावर त्यांच्या समोर बसले आणि सांगितलं, वहीसुद्धा दाखवली. त्यांना आकडे वाचता येतात. सहा, चार, तीन, दोन, एक. त्यांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "दर दिसा मोजताली तूं. मागीर कळूंक ना कशें गो?" रोज मोजणारीला कसं कळलं नाही. आवाज चढवला नाही. उठून डोंगरावर गेले, संध्याकाळी आले, माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी पानावर माझ्यासाठी माशाची मोठी तुकडी ठेवली. अजून नजर देत नाहीत. ते मला मान्य आहे.

तुमच्या पत्राचं आता सांगते.

रविवारी त्यांनी स्वतःच तुमच्या पत्राचं विचारलं, "जयवंतान कितें बरयलां?" पत्र माझ्या हातात होतं. मामा, मी मुलांना सांगते की खरं बोलायला धाडस लागतं, आणि आजवर मला ते खरं वाटत होतं. मी पत्र उघडलं आणि वाचायला लागले. बाराव्याचं वाचलं, पाटी-पेन्सिलीचं वाचलं. कोल्हापूरचं वाक्य आलं तेव्हा मी कागदावर बघत बघतच दुसरं बोलायला लागले. मामांची तपासणी झाली, घसा ठीक आहे. केरीला मासळी महाग झाली आहे. विमलची आठवण येते, भावजींनी एकदा तरी केरीला यावं, असं लिहिलंय. असं पान संपेपर्यंत बोलत राहिले. माझा आवाज कुठे अडखळला नाही याची मला भीती वाटली.

बाबा ऐकत होते. आईच्या माहेरचं आता त्यांच्यापाशी कोण उरलं आहे? तुम्ही. ती गेल्यावर हातात पाण्याचा तांब्या घेऊन ते तुमच्याचपाशी बसले होते. तुम्ही दोघेही बोलत नव्हता, एकाला येत नाही म्हणून आणि एकाला सुचत नाही म्हणून. मी लांबून बघत होते. तुमचं पत्र वाचलं असतं तर त्यांचं ते एक माणूसही गेलं असतं. तुम्हाला ओळखून त्यांनी काय करावं ते त्यांचं त्यांनी ठरवावं, असं तुम्ही लिहिलंत. त्यांना ते ठरवायला मी दिलं नाही. तो त्यांचा हक्क होता, हे मला कळतं.

तुम्हाला सुटका हवी होती, आणि मी ती अडवली, हेही कळतं. आता हे तुम्हाला आणि मला दोघांनाच माहीत आहे, आणि दोघांनी आयुष्यभर सांभाळायचं आहे. तुम्ही इथे आलात की बाबा तुम्हाला आधी वाढतील आणि तुम्ही जेवाल.

बाबा केरीला यायचं म्हणत आहेत, या किंवा पुढच्या रविवारी. मी त्यांना बसमध्ये बसवून देईन. त्यांना काही सांगू नका. पाटीवरसुद्धा नाही.

सांगायला कागदही उरलेला नाही. रविवारी दुपारी ते पाय धुवायला गेले तेव्हाच मी तुमचं पत्र चुलीत घातलं. त्याच जाळावर भात शिजला, आणि आम्ही दोघे जेवलो.

सिद्धी